केवढ्याला पडली?

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली, की पाहायला आलेला माणूस आधी ती वस्तू पाहत नाही, "केवढ्याला पडली?" म्हणून विचारतो. साडी असो, शिलाईचे यंत्र असो की दोन खोल्यांचा ब्लॉक असो, प्रश्न एकच. आपण आकडा सांगतो. मग तो क्षणभर छताकडे पाहतो आणि म्हणतो, "हं. बरी मिळाली." त्या 'बरी'चा सूर कसा लागला, यावर आपले पुढचे आठ दिवस अवलंबून असतात.

घासाघीस हा शब्द काही फारसा खानदानी नाही, हे मला ठाऊक आहे. चार बुके शिकलेल्या माणसाने भाव करू नये, सांगितले तेवढे पैसे मोजावेत, असा एक समज अलीकडे वाढला आहे. मला तो पटत नाही. दादरला रानडे रस्त्यावर मी पस्तीस वर्षे भाजी घेतली. भाजीवालीला सकाळचा घाऊक बाजारातला भाव माहीत असतो आणि चार टोपल्या पुढे जाऊन आलेली असल्यामुळे मलाही तो अंदाजाने ठाऊक असतो. ती वीस सांगते, मी बारा म्हणते, पंधराला वांगी पिशवीत पडतात आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या येतात. यात कोणी कोणाला फसवलेले नसते. भाव ठरता ठरता तिच्या सुनेचे बाळंतपण आणि माझ्या नणंदेचे मोतीबिंदूचे ऑपरेशनही बोलून होते.

पण हा खेळ रंगतो तो दोघींनाही भाव ठाऊक असतो म्हणून. एकाला सारे ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी गाठ पडली म्हणजे काय होते, हे मी २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, चांगले तीन आठवडे पाहिले. मोटारगाडी माणूस सात-आठ वर्षांतून एकदा घेतो. विकणारा रोज विकतो.

माझी लेक आणि जावई एडिसन गावी राहतात. मोठा नातू चार वर्षांचा, आणि नोव्हेंबरात दुसरे बाळ यायचे होते. त्यासाठीच मी गेले होते. माझ्या विहीणबाईही महिनाभर आधी येऊन राहिल्या होत्या. आता त्या राज्यातला कायदा असा, की आठ वर्षांखालच्या आणि सत्तावन्न इंचांहून बुटक्या मुलाला गाडीत खास आसनात बांधूनच बसवले पाहिजे. अशी दोन आसने मागच्या बाकावर ठेवली, म्हणजे मधे उरते ती जागा फार तर डब्यांच्या पिशवीची. दोन आज्यांनी कुठे बसायचे? देवळात जायचे तर दोन गाड्या काढा. त्यांतल्या एका गाडीचा गिअरबॉक्स जुलैत आचके देऊ लागला होता. दुसरी गोष्ट विहीणबाईंच्या गुडघ्यांची. अलीकडच्या त्या उंच, रानगव्यासारख्या गाड्यांत चढताना त्यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागे. तेव्हा मिनीव्हॅन घ्यायची, असे लेकीने ठरवले.

जावयाला ती मनातून पसंत नव्हती. मिनीव्हॅन ही तिकडे मुलेबाळे आवरणाऱ्या आयांची गाडी समजली जाते आणि तरुण पुरुषाला ती चालवताना थोडे म्हातारे झाल्यासारखे वाटते म्हणे. खरे पाहता मोठ्या शोधांत गणना व्हावी अशी ही गाडी. ली आयकोका आणि हॅल स्पर्लिक हे दोघे फोर्ड कंपनीतून गेलेले गृहस्थ. ही कल्पना फोर्डमध्ये कोणी उचलून धरली नव्हती. ते क्रायस्लर या डबघाईला आलेल्या कंपनीत गेले आणि १९८३ च्या अखेरीस त्यांनी मिनीव्हॅन बाजारात आणली. जमीन सपाट आणि ठेंगणी, दार सरकते, सात माणसे आत, आणि तरीही घराच्या गॅरेजमध्ये मावणारी. सरकते दार आरंभी एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूचे दार त्यांनी १९९६ च्या मॉडेलपासून देऊ केले. ज्याने कोणी ते दार पहिल्यांदा सुचवले, त्याच्या घरी गुडघे दुखणारी आई असली पाहिजे, असे विहीणबाईंचे मत आहे.

आता पैशाचे. जावयाच्या कंपनीत जूनपासून माणसे कमी करण्याचे सत्र चालू होते. त्याच्या खोलीतल्या नऊ जणांपैकी चार गेले होते आणि पाचवा कोण, याचा विचार घरात कोणी बोलून दाखवत नसे. लेकीला बाळंतपणाच्या रजेत पुरा पगार मिळणार नव्हता. अशा वेळी गाडीच्या भावात चार-पाच हजार डॉलरांचा फरक म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचे घरभाडे. एरवी दोघांनी गाडी पसंत केली असती, सांगितले तेवढे दिले असते आणि विसरून गेली असती. या खेपेला ते परवडणारे नव्हते.

मी बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली, त्यांतली शेवटची अकरा कर्जखात्यात. त्यामुळे लेकीने मला बरोबर यायला सांगितले. "आई, तू बोलू नकोस, फक्त आकडे बघ," एवढी एकच अट घातली.

त्या राज्यातली एक जुनी चाल आमच्या कामाला आली. न्यू जर्सीत रविवारी मोटारगाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. ब्रिजवॉटरच्या बालाजीचे दर्शन घेऊन आम्ही निघालो, की बाहेर रूट बावीस नावाचा हमरस्ता लागतो आणि त्याच्या कडेला विक्रेत्यांची आवारे. आवारात शेकडो गाड्या उभ्या आणि चिटपाखरू नाही. कोणी "मी काही मदत करू का?" म्हणून मागे लागत नाही. दोन रविवार आम्ही दध्योदन खात खात काचांवरची लेबले वाचत हिंडलो.

हे लेबल वाचण्यासारखे असते. पूर्वी अमेरिकेतही गाडीची खरी किंमत कोणती, ते गिऱ्हाइकाला कळत नसे. विक्रेता तोंडाला येईल तो आकडा सांगे आणि वाहतुकीच्या नावाखाली वाटेल ते लावी. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मनरोनी यांनी १९५८ साली कायदा करवून घेतला, की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत, जादा सोयींची किंमत आणि वाहतूक खर्च छापून चिकटवलाच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाच्या हाती गाडी पडेपर्यंत तो कागद काढता कामा नये. आजही त्या कागदाला तिकडे मनरोनीचेच नाव आहे. माणसाचे नाव पुतळ्यापेक्षा असे काचेवर राहणे मला अधिक आवडले.

आम्ही पाहिलेल्या जपानी बनावटीच्या गाडीवर आकडा होता ४३,६०० डॉलर. पण त्याच्या शेजारी तशाच कागदाचा, तशाच टायपाचा दुसरा कागद होता. पहिल्याचा सख्खा भाऊ वाटावा असा सावत्र भाऊ. तो विक्रेत्याचा स्वतःचा. रंगाच्या संरक्षणाला १,२९५. चाकांत साध्या हवेऐवजी नायट्रोजन आणि चाकांना कुलुपे, ३९९. काचांवर गाडीचा क्रमांक कोरल्याबद्दल २९९. आपण जो श्वास घेतो त्या हवेत चार भागांपैकी तीनांहून अधिक नायट्रोजनच असतो, हे मला शाळेत शिकवलेले आठवते. उरलेल्या भागाला एवढे पैसे पडत असतील अशी कल्पना नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी पहिल्या शोरूममध्ये गेलो. सेल्समन देखणा, हसतमुख. त्याने हात पुढे केला तो जावयाकडे, गाडीची माहिती सांगितली ती जावयाला, आणि "कोणता रंग आवडतो?" हे मात्र लेकीला विचारले. जावई सरळ माणूस. तो म्हणाला, "गाडी यांना घ्यायची आहे. मला इंजिन कुठे असतं तेही धड सांगता येणार नाही." सेल्समन मोठ्याने हसला आणि पुन्हा त्याच्याशीच बोलू लागला.

लेकीच्या कपाळावरची शीर मला दिसली. हा काही तिच्या मनाचा खेळ नव्हता. इयान आयर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी शिकागोच्या आसपासच्या विक्रेत्यांकडे गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, कृष्णवर्णी पुरुष आणि कृष्णवर्णी स्त्रिया अशी माणसे पाठवली. सगळ्यांना एकच बोलणे पढवलेले, घासाघिशीची रीत एकच, मागायची गाडी तीच. सगळ्यांत कमी भाव सांगितला गेला तो गोऱ्या पुरुषांना. बाकीच्यांचे बोलणे तेच असूनही भाव चढा. मला वाटते, छापील किंमत सर्वांना एक आणि प्रत्यक्ष किंमत ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहून, या व्यवस्थेची याहून कडक तपासणी दुसरी नसेल.

असो. विहीणबाई तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या. कुणाचाही हात न धरता त्यांनी पाय आत टाकला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "अगबाई! ही तर आपल्या ओटीसारखी आहे हो!" सेल्समनला मराठी येत नव्हते. पण तेवढे मराठी जगातल्या कुठल्याही विक्रेत्याला येते.

मग टेबलाशी बसल्यावर त्याने एक कोरा कागद घेतला आणि अधिक चिन्ह काढून त्याचे चार चौकोन केले. एकात गाडीची किंमत, दुसऱ्यात आमच्या जुन्या गाडीचे मोल, तिसऱ्यात आत्ता रोख किती देणार, चौथ्यात महिन्याचा हप्ता. आमच्या जुन्या गाडीची किल्ली तिची तपासणी करायला म्हणून तो आत घेऊन गेला. ही चौकोनांची विद्या मला फार आवडली. लेकीने गाडीच्या किमतीबद्दल तक्रार केली, की तो त्या चौकोनातले आठशे खोडी आणि जुन्या गाडीचे मोल आठशेनी उतरवी. तिकडे बोट ठेवले, की हप्ता कमी करून दाखवी आणि वर्षे वाढवी. पाणी एकच, चार भांड्यांत इकडून तिकडे ओतायचे. दर दहा मिनिटांनी तो "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून काचेच्या खोलीत जाई. तिथे दोघे काय बोलत ते ऐकू येत नसे, पण एकदा मी त्यांना सँडविच अर्धे अर्धे करताना पाहिले.

सव्वा तासाने आकडा आला: कर, नोंदणी, कागदपत्रांचा आकार आणि तो नायट्रोजन धरून ४९,७६०. लेक उठली. "विचार करून कळवते," म्हणाली. तेव्हा लक्षात आले, की किल्ली अजून आतच. तपासणारा माणूस जेवायला गेला होता म्हणे. मी बोलायचे नाही ही अट होती, म्हणून मी बोलले नाही; काचेच्या खोलीच्या दारात जाऊन फक्त उभी राहिले. बँकेत थकलेल्या कर्जदाराच्या दुकानासमोर मी अशीच उभी राहत असे. चार मिनिटांत किल्ली आली.

दुसरा विक्रेता आपल्याच देशाचा निघाला. दारातच वाकून त्याने आम्हा दोघींना नमस्कार केला, आलेयुक्त चहा मागवला आणि हिंदीत म्हणाला, "आप तो अपने लोग हैं, आपसे क्या कमाना!" त्याचा आकडा पहिल्यापेक्षा सव्वादोनशे डॉलरांनी जास्त होता. चहा मात्र उत्तम.

त्या रात्री लेकीने निराळाच रस्ता धरला. पन्नास मैलांच्या आतल्या सात विक्रेत्यांना तिने एकच पत्र लिहिले. अमुक गाडी, अमुक मॉडेल, रंगाचा आग्रह नाही. सर्व कर, आकार आणि नोंदणी धरून गाडी तुमच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत एकूण किती डॉलर, तेवढा एकच आकडा लेखी कळवावा. जुनी गाडी द्यायची नाही, हप्त्याविषयी बोलायचे नाही. जुनी गाडी तिने त्याच आठवड्यात जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला निराळी विकून टाकली. दोन व्यवहार एका कागदावर आणायचेच नाहीत, हे तिने चार चौकोनांवरून उचलले होते. कर्जही गाडीवाल्याकडून न घेता तिच्या कचेरीतल्या लोकांच्या पतपेढीकडून आधीच मंजूर करून घेतले. सहा टक्के व्याज, पाच वर्षे. पतपेढी म्हणजे अगदी आपल्या गिरगावातल्यासारखीच, सभासदांची, सभासदांसाठी. नाव तेवढे इंग्रजी.

सातांपैकी तिघांनी "आधी प्रत्यक्ष भेटा, मग बोलू" असे कळवले. एकाने आकडा दिला नाही, पण दोन दिवसांत सहा वेळा फोन केला. तिघांनी आकडे पाठवले: ४६,८००, ४५,९०० आणि ४५,३५०. गाडी तीच, त्याच कारखान्यातून आलेली, आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याशी साडेचार हजारांचे अंतर. त्यासाठी कोणी आवाज चढवला नव्हता की टेबलावर मूठ आपटली नव्हती.

आता रास्त भाव म्हणजे कोणता, यावर आम्हा मायलेकींत वाद झाला. लेकीने शोधून काढले होते, की विक्रेत्याला कारखान्याकडून येणारे बीजक छापील किमतीहून सुमारे चौतीसशे डॉलरांनी कमी असते. ही माहिती आता कोणालाही मिळते. शिवाय बहुतेक कारखाने छापील किमतीच्या दोन-तीन टक्के रक्कम विक्रेत्याला मागाहून परत देतात. म्हणजे बीजकाच्या भावाने गाडी विकली तरी तो उपाशी राहत नाही. लेकीचे म्हणणे, बीजकावर हजार-अकराशे डॉलर त्याला मिळावेत. त्याची जागा आहे, दिवाबत्ती आहे, पगारी माणसे आहेत. एकूण ४४,९५० पर्यंत ती जायला तयार होती. मी म्हटले, ४४,५०० म्हण. महिनाअखेर आली आहे; विक्रीचा ठरलेला आकडा गाठायची त्यांना घाई असते, नवे मॉडेलही येऊ घातले आहे. साडेचारशे डॉलर म्हणजे काही थोडे नाहीत.

"आई, सेल्समनला अशा गाडीमागे शंभर-दोनशे मिळतात गं. तेही काढून घेऊ?"

"त्याचे मालक पोटाला चिमटा घेऊन त्याला देतील. तू तुझं बघ. बाळ तुझं यायचंय."

"मला पुन्हा सर्व्हिसिंगला त्याच दारात जायचंय."

मला हे अजून पटलेले नाही. सर्व्हिसिंगचे पैसे तो निराळे घेणारच आहे. पण गाडी तिची, पैसे तिचे. जावयाला विचारले तर तो म्हणाला, "आई, तुमचंही बरोबर आहे आणि हिचंही." असा माणूस घासाघिशीला न्यावा की नेऊ नये, हे मी अजून ठरवू शकले नाही.

आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता, हे मी लेकीला सांगितले. १९७८ साली ह्यांनी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवले. भाव ठरलेला, कोणी घासाघीस करीत नव्हते, कारण वस्तूच नव्हती. वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि ज्याला धीर नसेल त्याने 'ऑन' देऊन दुसऱ्याचा नंबर घ्यायचा. आमची स्कूटर आली तेव्हा ही लेक पोटात होती. तिकडेही असे दिवस आले होते. २०२१-२२ मध्ये गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा तेच विक्रेते छापील किमतीवर हजारो डॉलर चढवून 'बाजारभाव समायोजन' या सोज्ज्वळ नावाखाली घेत होते. आपल्या 'ऑन'ला इतके सुंदर नाव कोणाला सुचले नव्हते.

मग कारखान्यानेच एक भाव लावून गाडी का विकू नये? अमेरिकेत बहुतेक राज्यांतले कायदे कारखान्यांना गिऱ्हाइकाला थेट गाडी विकू देत नाहीत. मधे स्वतंत्र विक्रेता हवाच. आणि विक्रेता म्हटला की भाव त्याचा. जनरल मोटर्सने १९९० मध्ये सॅटर्न नावाच्या गाड्या काढल्या, त्या 'एकच भाव'च्या पाटीवर. लोकांना ती पद्धत फार आवडली. पण पुढे गाड्याच मागे पडल्या आणि २०१० साली सॅटर्नचा कारभार गुंडाळला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नियम केला, की विक्रेत्याने गाडीची पुरी किंमत आधी सांगावी आणि गिऱ्हाइकाच्या उपयोगाच्या नसलेल्या गोष्टींचे पैसे लावू नयेत. विक्रेत्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, नियम अमलात येण्याआधीच थांबला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. आयोगाने नियम करताना आधीची एक पायरी गाळली, एवढ्या कारणावरून. तेव्हा ज्याचा त्याने सावध राहावे, हाच कायदा.

३१ ऑगस्टला, शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आम्ही घराजवळच्या विक्रेत्याकडे गेलो. लेकीने ४५,३५० चे लेखी पत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही जवळ आहात म्हणून तुमच्याकडे आले. ४४,९५० ला देत असाल तर आज सही करते. नसाल तर चाळीस मैल जाते." बोलून झाल्यावर ती गप्प बसली. हे गप्प बसणे फार कठीण असते. मी स्वतः रानडे रस्त्यावर इतका वेळ गप्प बसू शकले नसते. सेल्समन, म्हणजे एक पोक्त, चष्मेवाला गृहस्थ, आत जाऊन आला आणि म्हणाला, "ठीक आहे."

पण शेवटची खोली राहिली होती. सहीसाठी तिथे निराळा माणूस असतो. भाव ठरला, मन सैल झाले, की त्या खोलीत नेतात. तो फार गोड बोलणारा. म्हणाला, "तुमच्या पतपेढीचा हप्ता होतोय ६९६ डॉलर. मी तो ५५२ वर आणून देतो." महिन्याला १४४ डॉलर वाचणार! जावयाचे डोळे लकाकले. त्याला त्या महिन्यांत १४४ डॉलरांची किंमत काय वाटत असेल ते मी जाणत होते. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या पाठीवर गुणाकार मांडला. पतपेढीचे ६९६, साठ महिने: ४१,७६०. ह्याचे ५५२, पण चौऱ्याऐंशी महिने: ४६,३६८. कर्ज दोन्हीकडे छत्तीस हजारच. पाकीट जावयापुढे सरकवले. तीन आठवडे जे टप्प्याटप्प्याने मिळवले होते, ते त्या एका खोलीत सबंध परत द्यायचे होते. जावयाने पाकीट दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, "पतपेढीच राहू दे."

मग जादा वर्षांची हमी आली, ३,२०० डॉलरची. ती कॉफीच्या पेल्याहून स्वस्त पडते, असे त्याने दिवसावारी मांडून दाखवले. लेकीने नको म्हटले. तो खिन्न झाला. आमच्या बाळाची त्याला आमच्याहून जास्त काळजी होती.

शेवटी छापलेला करार पुढे आला. लेक एकेक ओळ वाचू लागली. चौथ्या ओळीवर तिचे बोट थांबले. रंगाचे संरक्षण, १,२९५. कधी न बोललेले, कधी न मागितलेले, तिथे मुकाट्याने येऊन बसले होते.

"हे काय?"

"ते सगळ्या गाड्यांना असतंच. कॉम्प्युटरनंच घातलंय."

लेकीने पेन खाली ठेवले. पोटावर हात धरून ती खुर्चीतून सावकाश उठली आणि पर्स खांद्याला लावली. जुनी गाडी विकलेली, सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, मंगळवारी डॉक्टरांची वेळ. हे सगळे मला माहीत होते, तिला माहीत होते. त्या माणसाला माहीत नव्हते. ती दारापर्यंत गेली. जावईही उठला, पहिल्यांदाच त्याने कोणाचेही बरोबर आहे असे म्हटले नाही.

"थांबा, थांबा, मी काढून टाकतो." कळ दाबली, नवा कागद आला. एकूण ४४,९५०. मी बेरीज दोनदा केली.

गाडी बाहेर आणून उभी केली तेव्हा साडेसात वाजले होते. विहीणबाईंनी घरून चार लिंबे आणली होती. ती त्यांनी चारही चाकांखाली ठेवली. तो चष्मेवाला सेल्समन खाली वाकून पाहू लागला. हे काय, म्हणून त्याने विचारले. लेकीने सांगितले, "आमच्याकडचं संरक्षण. चार लिंबांचे दोन डॉलर."

तो पोट धरून हसला. चौतीस वर्षे गाड्या विकतो आहे, म्हणाला. मुलगी परिचारिका आहे, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे आहे. विहीणबाईंनी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातावर बेसनाचे पाच लाडू ठेवले. साडेचारशे डॉलर आम्ही त्याला सोडलेच होते; त्यावर हे. मी काही बोलले नाही. अट अजून चालूच होती.

दार आपोआप सरकले. नातू तिसऱ्या रांगेत जाऊन बसला, त्याच्या शेजारी मी. विहीणबाई मधल्या रांगेत, येणाऱ्या बाळाच्या जागेजवळ. लेकीने गाडी सुरू केली आणि चारही लिंबे एकदम फुटली.